ज्येष्ठमध सांगा, पण मात्राही सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत खोकल्यावर ज्येष्ठमध कसे घ्यावे हे सांगणारा लेख नुकताच वाचला. मूळ चघळावे, चूर्ण चाटावे, काढा करून प्यावा, असे तिन्ही प्रकार त्यात नीट दिले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेखाच्या शेवटी ‘वनस्पती असल्यामुळे दुष्परिणाम नाहीत, दिवसातून हवे तितक्या वेळा घ्यावे’ असे वाक्य होते. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबले तरी आपण ते पूर्ण छापावे, अशी विनंती आहे.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनस्पतिजन्य औषधांचा विषय वर्षानुवर्षे शिकवला. ज्येष्ठमध हे माझे फार लाडके मूळ. तास सुरू झाला की मी मुलांच्या हातात एकेक काडी द्यायची आणि ती मोडायला सांगायची. बाहेरून तपकिरी, सुरकुतलेली साल; मोडल्यावर आत पिवळे, दोऱ्यादोऱ्यांचे लाकूड; चव गोड आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली धरले की तंतूंच्या जुडग्यांना लागून ओळीने बसलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात. त्यावर ८० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सोडला की गर्द पिवळा रंग चढतो. ही ओळख परीक्षेपुरती नव्हती. ज्येष्ठमधाऐवजी गुंजेचे मूळ वापरले जाते, तेही गोडसर लागते, आणि त्याच वेलीच्या बियांत अब्रिन हे जहाल विष असते. म्हणून ज्यांना मूळ ओळखता येते त्यांनी अखंड काडी घ्यावी आणि ज्यांना येत नाही त्यांनी खात्रीच्या ठिकाणचेच मूळ घ्यावे, हे मी तेव्हापासून सांगत आले आहे.

खोकल्यावर या मुळाचा वापर फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘सिथियन मूळ’, म्हणजे ज्येष्ठमध, दम्यावर आणि कोरड्या खोकल्यावर उपयोगी पडते असे लिहून ठेवले. चरकसंहितेत गळ्याला हितकर अशा दहा द्रव्यांचा ‘कंठ्य’ नावाचा गट आहे, त्यात ज्येष्ठमध ‘मधुक’ या नावाने येते. इतक्या दूरच्या दोन परंपरांनी एकच मूळ नेमके गळ्यासाठी निवडावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मग ते खरोखर काम करते का? करते, पण कुठे आणि कितपत हे समजून घ्यायला हवे. मूळ चघळले की लाळ सुटते, त्यातली शर्करायुक्त बुळबुळीत द्रव्ये घशाच्या आतल्या अस्तरावर पसरतात आणि खवखव कमी होते. खवखव कमी झाली की खोकल्याची उबळ लांबते. यात गोडव्याचाही वाटा असणार, असे कुणी म्हणेल. त्या दृष्टीने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली व्हिएन्नातील एक चाचणी मला महत्त्वाची वाटते. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या श्वासनलिकेत जाड दुहेरी नळी घालायची होती अशा २३६ रुग्णांपैकी निम्म्यांना भूल देण्याआधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या करायला दिल्या आणि उरलेल्यांना साखरेच्या पाण्याने. शुद्धीवर आल्यावर घसा दुखण्याची तक्रार ज्येष्ठमधाच्या गटात बरीच कमी होती. म्हणजे नुसत्या गोडव्यापलीकडे या मुळात काहीतरी आहे. जपानी संशोधकांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत मिरचीतल्या कॅप्सेसिनने आणलेला खोकला ज्येष्ठमधाच्या अर्काने कमी झाला आणि लिक्विरिटिन एपिओसाइड या घटकाकडे त्याचे श्रेय गेले.

पण नळीने दुखावलेला घसा आणि सर्दीचा खोकला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे. युरोपीय औषध संस्थेने सर्दीबरोबरच्या खोकल्यात कफ सुटायला मदत म्हणून ज्येष्ठमधाला जागा दिली आहे, ती दीर्घकाळच्या पारंपरिक वापराच्या आधारावर. मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले म्हणून नव्हे. तिथेही मात्रा सांगितली आहे, किती दिवस घ्यायचे ते सांगितले आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांना ते देण्याची शिफारस केलेली नाही. आपल्या लेखात नेमका हाच भाग गळला होता.

हा भाग गळला की काय होते ते मी घरात पाहिले आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई रक्तदाबाची गोळी घेत. त्यांना कोरडा खोकला जडला. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती गुदगुल्यांसारखी उबळ, रात्री आडवे झाले की जास्त. कुणीतरी ज्येष्ठमधाचे चूर्ण सांगितले. ते घेतले की उबळ घटकाभर शमायची, पुन्हा यायची, म्हणून मात्रा वाढत गेली. काही आठवड्यांनी पायांवर सूज आली. जिना चढताना मांड्या लटपटू लागल्या. गोळी चालू असून रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि जोडीला लघवी जास्त व्हावी अशी गोळी दिली. त्यानंतर तर उठून बसायचेही त्राण उरले नाही. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम २.७ निघाले, ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवे. कोणती औषधे घेता असे डॉक्टरांनी विचारले की त्या गोळ्यांची नावे सांगत, ज्येष्ठमधाचे नाव घेत नसत. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा उशाशी पिवळट चूर्णाची बरणी दिसली.

“ताई, हे किती घेता तुम्ही?”

“अगं, ते काय औषध आहे का? गळ्यासाठी घेते मधूनमधून.”

मधूनमधून म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, शीग लावून चमचाभर. ज्येष्ठमध थांबवले, पोटॅशियम भरून काढले आणि त्या बऱ्या झाल्या. मात्र रक्तदाब ताळ्यावर यायला पुढेही काही आठवडे गेले.

असे का होते ते थोडे सविस्तर सांगते, कारण एकदा ते कळले की कुणी ज्येष्ठमधाला ‘नुसते मूळ’ म्हणणार नाही. त्याचा गोडवा ग्लायसिरायझिन या द्रव्याचा असतो. साखरेपेक्षा ते ३० ते ५० पट गोड असते. आतड्यातले जिवाणू त्याचे रूपांतर ग्लायसिऱ्हेटिनिक आम्लात करतात, ते रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात पोहोचते. मूत्रपिंडाने मीठ राखावे आणि पोटॅशियम सोडावे हा आदेश अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देते. पण पेशीतल्या ज्या ग्राहीवर, म्हणजे संप्रेरकाचा आदेश झेलणाऱ्या जागेवर, अल्डोस्टेरॉन बसते, त्याच ग्राहीवर कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकालाही बसता येते, आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पटींनी जास्त असते. म्हणून तिथल्या पेशींत एक एन्झाइम पहारेकऱ्यासारखे उभे असते आणि येणाऱ्या कॉर्टिसॉलला निष्क्रिय करत राहते. ज्येष्ठमध या पहारेकऱ्यालाच अडवते. मग कॉर्टिसॉल त्या ग्राहीवर जाऊन बसते आणि अल्डोस्टेरॉनचा पूर आल्यासारखे शरीर वागू लागते. सोडियम आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो, सूज येते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. पोटॅशियम घटले की स्नायू दुबळे होतात, आणि हृदयही स्नायूच आहे. त्याचे ठोके चुकू लागतात.

हे वैद्यकाला कळले तो इतिहास मी मुलांना दरवर्षी सांगायची. १९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी जठरव्रणाच्या रुग्णांवर ज्येष्ठमधाच्या अर्काचा चांगला उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. त्याचबरोबर साधारण पाचातल्या एका रुग्णाला सूज येते, डोके दुखते, धाप लागते हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. गुण आणि दोष एकाच लेखणीने लिहिणाऱ्या त्या माणसाविषयी मला फार आदर आहे. पुढे १९६० च्या दशकात ज्येष्ठमधापासून कार्बेनॉक्सोलोन हे व्रणावरचे औषध तयार झाले आणि तेही याच सुजेमुळे आणि रक्तदाबामुळे मागे पडले. त्या एन्झाइमचे कोडे सुटायला १९८७ साल उजाडले. एडिंबरामधल्या संशोधकांनी ते सोडवले.

आता मात्रेकडे येते. युरोपातल्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन ही वरची मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही बहुतेक प्रौढांना १०० मिलिग्रॅमपर्यंत त्रास होणार नाही असे म्हटले. मुळात ग्लायसिरायझिनचे प्रमाण जमिनीप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलते. हिशोबासाठी ते ४ टक्के धरू. अडीच ग्रॅम चूर्णात १०० मिलिग्रॅम झाले. अडीच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. दिवसाची सगळी मर्यादा एका सपाट चमच्यात संपली! जाऊबाईंचे शिगेचे तीन-चार चमचे कुठे गेले असतील ते वाचकांनीच पाहावे. काढ्यात थोडे द्रव्य चोथ्यात राहून जाते, चूर्ण चाटले की सगळे पोटात जाते, आणि आटवून केलेल्या काळ्या घट्ट अर्कात तर ते मुळापेक्षा पुष्कळ जास्त असते. तीन प्रकार एका ओळीत छापून ‘यांपैकी काहीही घ्या’ म्हणता येत नाही ते यामुळे.

आणि १०० मिलिग्रॅमही प्रत्येकाला निर्धोक नाही. २०२४ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाने १८ ते ३० वयाच्या २८ निरोगी तरुण-तरुणींना दोन आठवडे रोज एवढेच ग्लायसिरायझिन दिले. वरचा रक्तदाब सरासरी ३.१ मिलिमीटरने वाढला. सरासरी लहान दिसते, पण त्यातल्या काहींवर परिणाम बराच जास्त झाला होता. ही तरणी, निरोगी माणसे होती. साठी ओलांडलेल्या, आधीच गोळ्या घेणाऱ्या माणसाचे काय, हा विचार मला अस्वस्थ करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर चाळिशी गाठलेल्यांना इशारा दिला आहे की रोज २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, ज्येष्ठमधाची काळी मिठाई दोन आठवडे खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडून रुग्णालय गाठावे लागू शकते. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. काही आठवडे ते रोज अशा मिठाईच्या पिशव्या संपवत होते. पोटॅशियम घसरले, हृदय थांबले आणि ते वाचले नाहीत. खोकल्यासाठी कुणी इतके खात नाही, हे मला मान्य आहे. पण ‘हवे तितक्या वेळा’ हे शब्द वाचणाऱ्याला आपण कुठे थांबायचे ते कसे कळावे?

जाऊबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि या पत्रातली सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच आहे असे मी मानते. त्यांचा खोकला सर्दीचा नव्हताच; तो रक्तदाबाच्या गोळीचा होता. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या उत्तम आहेत, असंख्य लोकांचे हृदय आणि मूत्रपिंड त्या सांभाळतात. मात्र त्यांच्यामुळे ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य फुफ्फुसांत साठते आणि काही जणांना कोरडा, न थांबणारा खोकला लागतो. तो गोळी सुरू केल्यावर लगेच येईल असे नाही, काही महिन्यांनीही येतो, म्हणून कुणी त्याचा संबंध गोळीशी जोडत नाही. मग खोकल्यासाठी ज्येष्ठमध सुरू होते. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. रक्तदाब वाढला म्हणून गोळी वाढते. गोळीने आलेला खोकला राहतोच, म्हणून ज्येष्ठमधही वाढते. त्यात लघवीची गोळी आली की पोटॅशियम दोन्ही वाटांनी जाते. या चक्रात अडकलेली माणसे जाऊबाईंखेरीज आणखी असतील, याबद्दल मला शंका नाही. उपाय अगदी सोपा आहे. डॉक्टर गोळीचा गट बदलून देतात, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात आणि खोकला बहुधा काही आठवड्यांत जातो. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

म्हणून रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ज्येष्ठमधाला हातच लावू नये. लघवीच्या गोळ्या, हृदयासाठीचे डिगॉक्सिन किंवा प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड घेणाऱ्यांनीही नाही. गर्भवतींनी तर नाहीच. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई पुष्कळ खाल्ली जाते, त्यामुळे तिथे हा अभ्यास झाला. हेलसिंकीच्या संशोधकांना असे आढळले की ज्या मातांनी गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लायसिरायझिन खाल्ले, त्यांची मुले पुढे बुद्धिमापन चाचण्यांत इतर मुलांच्या मागे पडली. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, पण नऊ महिने एक मूळ टाळायला एवढे पुरेसे आहे. तिथल्या आरोग्य यंत्रणेने गर्भवतींनी टाळायच्या पदार्थांत त्याचा समावेश केला आहे.

बाकीच्या निरोगी प्रौढांनी सर्दीच्या खोकल्यात ज्येष्ठमध जरूर घ्यावे. कपभर उकळत्या पाण्यात दीड ग्रॅमभर कुटलेले मूळ टाकून झाकून ठेवावे, गाळून कोमट प्यावे, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आठवडाभरात थांबावे. नुसती घशाची खवखव असेल तर गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे. त्यात ग्लायसिरायझिन पोटात जवळपास जातच नाही, आणि व्हिएन्नाच्या चाचणीतही गुळण्याच होत्या. माझ्या मते हा सर्वांत शहाणपणाचा प्रकार आहे आणि तो आपल्या लेखात नव्हता. मी स्वतः दिवसभर तास घेऊन आवाज बसला की हेच करायची. आणखी एक: खोकल्याचे तयार सरबत किंवा गोळ्या चालू असतील तर त्यांतही ज्येष्ठमध असू शकते, तेही हिशोबात धरावे.

सर्दी गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण त्यापुढे तो राहिला, किंवा आधीच ताप, धाप, थुंकीत रक्त, रात्रीचा घाम, वजनातली घट यांतले काही दिसले, तर ज्येष्ठमधाने उबळ शमवत बसू नये. क्षयासारखा आजार त्या शमण्याआड लपतो आणि तपासणी लांबते.

वेष्टनाबद्दलही लिहायचे आहे. युरोपीय संघाने २००४ मध्ये नियम केला की मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅम किंवा जास्त ग्लायसिरायझिन असेल तर त्यात ज्येष्ठमध आहे असे छापायचे, आणि किलोमागे ४ ग्रॅम किंवा जास्त असेल तर उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी अतिसेवन टाळावे असेही छापायचे. पेयांसाठी वेगळे आकडे आहेत. मिठाईला हा नियम लागू होऊ शकतो, तर खोकल्यावरचे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णाच्या डब्यावर एका मात्रेतले ग्लायसिरायझिन किती, हे छापायला काय हरकत आहे? ते मोजणे प्रयोगशाळेला मुळीच अवघड नाही. वर्तमानपत्रांनी याचा पाठपुरावा केला तर ते घडू शकते. तोवर ज्यांना डब्यावर आकडा सापडत नाही त्यांनी चूर्ण न घेता काडी घ्यावी; दीड ग्रॅम वजन करून एकदा पाहिले की पुढे डोळ्यांनी अंदाज येतो.

आपल्याकडे माझी एवढीच मागणी आहे की त्या लेखाचा खुलासा आपण छापावा. तो आतल्या पानावर कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवा. त्यात मात्रा, मुदत, कुणी घेऊ नये ती यादी, आणि ‘प्रिल’च्या गोळीने होणाऱ्या खोकल्याची माहिती यावी. तो लेख वाचून ज्यांनी चूर्ण सुरू केले असेल आणि जे रक्तदाबाची गोळीही घेत असतील, त्यांच्यापर्यंत हे याच आठवड्यात पोहोचायला हवे.

आपली विश्वासू,
वनस्पतिजन्य औषधांची एक निवृत्त प्राध्यापिका